उकिरड्यात लोटलेली मोहरी

अण्णा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी पूर्णेच्या आपल्या घरामागचा तो जमिनीचा तुकडा अजून निस्तरतोच आहोत. तिथं बसून तुम्ही जुन्या बॅटऱ्या फोडायचात, कढईत शिसं वितळवायचात आणि नदीवरच्या कोळ्यांना जाळ्याला वजन म्हणून लावायच्या गोळ्या पाडून द्यायचात. मी एकदा पाला रस्त्यावर फेकला, तर केवढे ओरडलात. "उकिरड्यात टाक लेका, खत होतंय त्याचं!" मग मी रडतोय बघून एक गोळी हातावर ठेवलीत. अजून कोमट होती. ती खिशात घेऊन मी कुठं कुठं हिंडलो. बोरीच्या बाजारात एकजण तिच्या बदल्यात चाकू द्यायला तयार होता, चांगला मुठीचा, पण ते जाऊ द्या.

त्या तुकड्यात गवतही उगवत नव्हतं. परभणीहून शेतीखात्यातले एक साहेब आले, माती घेऊन गेले, आणि पुढच्या खेपेला म्हणाले, यात शिसं भिनलंय. कुजलेलं खत भरपूर घाला, माती धरेल, धूळ उडणार नाही. मग मोहरी पेरा, ती थोडं थोडं शिसं ओढून घेते. मात्र ती खायची नाही, जनावराला घालायची नाही. उपटून पोत्यात भरायची, पोती आम्ही नेऊ. "किती वर्षं लागतील?" आईनं विचारलं. "लय," साहेब म्हणाले. तेव्हापासून आई खताच्या पाट्या वाहतेय. तिची कंबर आता सरळ होत नाही.

गेल्या हिवाळ्यात मोहरी मी उपटली. नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद, साहेब येईनात, आणि मेंढ्यांचा एक कळप जिंतूरकडं निघालेला. मला घरात बसवेना. आईला न सांगता सगळा पाला उकिरड्यात लोटला आणि कळपामागं गेलो.

दिवाळीला परतलो तर विहिरीजवळच्या चांगल्या वाफ्यात मेथी गच्च आलेली. आई म्हणाली, "उकिरडा उपसून घातला बघ. उद्या ताईची पोरगी येतीय, तिला मेथी लय आवडती."

मी रात्रभर जागा. आज उजाडताच सगळा वाफा उपटून पोत्यात भरला आणि आईला सांगितलं, शेजारच्या काकूच्या शेळ्या घुसल्या. आता दोघी कुंपणाच्या अलीकडून-पलीकडून भांडायल्यात.

"माझ्या शेळ्या बांधलेल्या हायत!"

"मग मेथी काय चालत गेली?"

"मुळासकट उपटून खाती व्हय गं शेळी?"

काकूचं खरं आहे. आणि आई संध्याकाळी त्याच वाफ्यात पुन्हा बी टाकणार म्हणतेय, तेव्हा सांगावं तर लागणारच. दमलोय, अण्णा. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

कागद उडू नये म्हणून तुमची गोळी वर ठेवलीय. आईला सांगायच्या आधी ज्याला उलटून बोलता येत नाही अशा कुणाला तरी सांगून बघायचं होतं, एवढंच.