थोरलीच्या नशिबी नुसती शाबासकी

तीर्थरूप दाजी,

कोपरापासून नमस्कार. ताईचा गुडघा आणि तुमचा रक्तदाब, दोन्ही ताळ्यावर असतील. (असले तरी तसं कुणाला सांगू नका. तुम्ही बसता त्या मुख्य कचेरीत दुखणं सांगणाऱ्यालाच विचारतात, हे मला फार उशिरा कळलं.)

तुमच्या कंपनीला परमुलखात दोन लेकी, म्हणजे दोन उपकंपन्या. आमची वजनकाट्यांची कंपनी थोरली, डोंगरापलीकडची ती धाकटी. आम्ही इमानेइतबारे 'सर्व ठीक' कळवतो, म्हणून आमच्याकडे कुणी फिरकत नाही. धाकटीचा मॅनेजर (आम्ही त्याला प्रेमाने रडका म्हणतो) नुसता शिंकला, तरी तुमचे मोठे साहेब रुमाल घेऊन विमानात! त्यात नवा काटा कुणी बनवायचा हे यंदा ठरणार, म्हणून म्हटलं, आपणही रडून बघू. रंगखात्याची भट्टी मोडली, काम ठप्प, असं दिलं ठोकून. (भट्टी जरा कुरकुरत होती. बाकीची मोडतोड माझ्या पदरची.)

साहेब चक्क आले! पण आमचा फोरमन पडला शिस्तीचा. पाहुणे येणार म्हटल्यावर त्याने सवयीने भट्टी दुरुस्त केली, वर पुसून लख्ख केली, आणि छाती काढून म्हणाला, "बघा साहेब, आपल्याकडे काही बिघडतच नाही!" फुटक्या कपाकडे सासूने पाहावं, तसं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चालू भट्टी ज्याला मोडकी दिसते त्याच्यावर देखरेख हवी, असं ठरवून त्यांनी माझ्या डोक्यावर कुणाला आणून बसवलं? रडक्यालाच! आता तो शेजारच्या केबिनमध्ये उसासे टाकतो आणि जेवायला आमच्या घरी येतो. आमची ही त्याला आग्रहाने वाढते, वर मला ऐकवते, "त्यांना निदान मनातलं बोलता तरी येतं!"

तुमचा कर्तबगार (म्हणूनच दुर्लक्षित) मेव्हणा

ता. क. रडका इकडे आल्याने धाकटी पोरकी झाली म्हणे. तिला धीर द्यायला साहेब तिथेच मुक्काम ठोकून आहेत. नवा काटाही तिलाच दिला, तेवढंच तिचं मन रमेल!

आणखी एक, मूळ काम राहिलंच. धाकटीची खुर्ची रिकामी आहे, तिथे माझी वर्णी लावा. तिला मी आजवर ढोंगी म्हणालो, ते सगळं मागे घेतो. ती आजारीच आहे, फार आजारी आहे. फक्त मी पोचेपर्यंत तिला बरी होऊ देऊ नका.