चहाचं बटण

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही, पण मोठ्या बदलाच्या काळात तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

आमच्या माजी सैनिकांच्या क्लबाच्या कमिटीची मीटिंग, मॅनेजर म्हणून मी हजर. अध्यक्ष कॉलिन म्हणाले, नेव्हिल, पुलापलीकडच्या बोलिंग क्लबात गर्दी वाढतेय, आपल्या जुगाराच्या पोकी मशीनवर काहीतरी नवीन दे. लगेच पुढे म्हणाले, खर्च मात्र एक डॉलरनेही वाढता कामा नये. मी म्हटलं, झालंच समजा. नक्की काय झालंय ते घरी जाऊन ठरवू म्हटलं. घरी कोणी नसल्यामुळे विचार करायला भरपूर शांतता असते. काही सुचलं नाही.

संकल्प: साखर बंद. रेलीनला रविवारी जेवायला विचारायचं.

६ जून, गुरुवार
सुचलं. म्हणजे मशीन कंपनीच्या डेमियनने सुचवलं, पण पटलं मला. प्रत्येक पोकीच्या स्क्रीनवर बटणं: चहा, सँडविच, घरी सोडायची गाडी. म्हाताऱ्या मेंबरांना खुर्चीवरून उठायला नको, आणि रेलीनला चहाची ट्रॉली ढकलत हॉलभर फिरायला नको. गुडघे दुखतात तिचे. रोज चारला ती माझ्या ऑफिसात चहा आणते आणि थोडा वेळ बसते. तिच्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ हाच असावा. बटणं आली की तो वाढेल.

तिला सांगितलं. म्हणाली, अरे नेव्ह, चहा हे निमित्त असतं रे, मर्व्हला त्याच्या कुत्र्याबद्दल बोलायचं असतं. मी म्हटलं, कुत्र्याचं बटण सध्या तरी नाही. खूप हसली. जेवायचं विचारणार होतो, पण इतकी हसत असताना मध्ये बोलणं बरं दिसेना.

१७ जून, सोमवार
बटण दाबलं की मशीन बोलणार. कंपनीच्या कलाकार बाईचे पैसे वेगळे, म्हणून रेलीनकडून फुकटात रेकॉर्ड करून घेतलं: "आलेच हं, राजा." तीच सगळ्यांना तसं म्हणते. पहिल्यांदाच उत्तम जमलं होतं. तरी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. तांत्रिक कारणं असतात.

२४ जून, सोमवार
स्क्रीनचं भाडं कुठून काढायचं यावर मीटिंग. कॉलिन म्हणाले, बटण दाबून चहा येतो, मग ट्रॉलीवाली कशाला? मी टेबलावर हात आपटून तिची बाजू मांडली. शेवटी आठवड्याचे दोन दिवस तिच्या पदरात पाडले. आधी पाच होते, पण ते शून्य करायला निघाले होते. मोठाच विजय.

रेलीनला म्हटलं, आता तुझे रविवार मोकळे. तिने विचारलं, घरमालक रविवारचं भाडं सोडतो का? विनोदी बाई आहे. जेवायचं राहिलं.

१ जुलै, सोमवार
उद्घाटन. कॉलिननी फीत कापली, मी लॅमिंग्टन केकचा तुकडा खाल्ला (समारंभाची साखर धरायची नाही).

संध्याकाळी सहाला नेहमीप्रमाणे दिवे मंद झाले, सगळे उठून उभे राहिले, आणि मर्व्हने युद्धात मारल्या गेलेल्यांसाठीच्या ओळी म्हटल्या. त्यानंतरच्या शांततेत कोणाचं तरी कोपर स्क्रीनला लागलं. "आलेच हं, राजा." मर्व्ह म्हणाला, इतकी वर्षं या ओळी म्हणतोय, पलीकडून उत्तर आज पहिल्यांदा आलं. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. नव्या सेवेचं स्वागत उत्स्फूर्त झालं असं कमिटीला कळवलंय.

५ जुलै, शुक्रवार
रेलीन नसते त्या दिवशी ऑर्डरी माझ्या फोनवर येतात. चहा मीच करतो, मीच नेतो. वेळेची बचत.

डोरोथी आजींनी चहा परत पाठवला. त्यांना चहा नको होता, रेलीनचा आवाज ऐकायला बटण दाबलं होतं. तीनदा. मी म्हटलं, आजी, आवाज तर आहेच ना, मग अडलं कुठे? त्या म्हणाल्या, तू जा बाबा.

एकंदर चहाला मागणी प्रचंड. पीत कोणी नाही.

१२ जुलै, शुक्रवार
रेलीनने नोकरी सोडली. बोलिंग क्लबात पाच दिवस देतायत. उभ्यानेच सांगितलं, बसली नाही. मी अडीच दिवसांची ऑफर दिली. ती म्हणाली, नेव्ह, तू वाईट नाहीस रे, पण तुला समोरचं दिसत नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत.

चारला ऑफिसचं दार उघडं ठेवलं. आमच्याकडे जुलै म्हणजे कडाक्याची थंडी, हीटरचं बिल वाढतं, म्हणून पाचला बंद केलं. फार वाईट वाटलं. उद्या वाटणार नाही.

१३ जुलै, शनिवार
वाटलं.

२१ जुलै, रविवार
गाडीच्या बटणाला तुफान प्रतिसाद. दुपारी दोनलाच गाडी भरून गेली. ड्रायव्हर स्टॅन परत आल्यावर म्हणाला, घरी कोणीच उतरलं नाही, सगळ्यांनी बोलिंग क्लबाच्या दारात सोड म्हणून सांगितलं. आपल्याच गाडीने, आपल्याच पेट्रोलवर. रिपोर्टमध्ये फक्त प्रवाशांची संख्या लिहिली. विक्रमी आहे.

२६ जुलै, शुक्रवार
रेलीनचा मेसेज. उघडण्याआधी केस नीट केले, का कोण जाणे. लिहिलंय, लोक मला विचारतात तू तिकडेही असतेस का, तेवढा माझा आवाज काढून टाक हं, प्लीज.

डेमियनकडे चौकशी केली. नव्या आवाजाचे पैसे पडतात. तेव्हा ऑफिसचं दार लावून मीच रेकॉर्ड केलं. वाक्य बदलायचेही पैसे पडतात, त्यामुळे 'राजा' तसाच ठेवला. तिचा आवाज पुसण्याआधी एकदा ऐकला. दोनदा.

४ ऑगस्ट, रविवार
आज हिंमत केली. रेलीनला फोन लावला आणि एका दमात जेवायला विचारून टाकलं. ती म्हणाली, अरे, मग आत्ताच ये की इकडे बोलिंग क्लबात, भाजलेलं मटण आहे, मर्व्ह आहे, डोरोथी आहे, सगळे तुझीच चेष्टा करतायत, तुझी खुर्ची धरून ठेवते. मागे हसणं ऐकू येत होतं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कोट अंगात घातलासुद्धा.

मग लक्षात आलं, मशीनं चालू असताना हॉल सोडता येत नाही, कोणीतरी स्टाफ हवाच. खर्च वाचावा म्हणून रविवारचा सगळा स्टाफ, स्टॅनसकट, मीच कमी केलाय. फोनवर तिला म्हटलं, आज कामाचा फार रेटा आहे, पुन्हा कधीतरी. ती म्हणाली, बरं राजा. सगळ्यांनाच म्हणते ती.

हॉलमध्ये मी सोडून कोणी नव्हतं. कोट काढला. सेवा नीट चालते का ते तपासावं म्हणून एका मशीनसमोर बसलो आणि चहाचं बटण दाबलं. "आलोच हं, राजा," माझा आवाज म्हणाला. खिशातला फोन वाजला. उठलो, चहा केला, घेऊन आलो, बसून प्यायलो. साखर घातली होती.

संपल्यावर पुन्हा बटण दाबलं.