हात वर करणारी बाई

४ सप्टेंबर, गुरुवार

आजही केला तिने हात वर! चर्चच्या कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, तालमीत मास्तरांचा नियम आहे — गाताना ज्याचा सूर चुकला त्याने स्वतःहून हात वर करायचा. चूक त्याला कळली, हे मास्तरांना कळतं आणि गाणं थांबवावं लागत नाही. नियम चांगलाच आहे. पण ऊठसूट हात वर करायचा म्हणजे काय? एकट्या दुसऱ्या कडव्यात किती वेळा! वर चेहरा असा, की जगाची सगळी पापं हिच्याच डोक्यावर आहेत.

दातांची डॉक्टर आहे. स्वतःचा दवाखाना, दारात गाडी. आणि चर्चमध्ये मात्र खाली मान घालून माझ्या शेजारी उभी. मी तिचं नाव गोगलगाय ठेवलंय. पोटात किती पाय आहेत ते मला विचारा.

मी इतक्या वर्षांत एकदाही हात वर केलेला नाही. गरजच पडली नाही.

७ सप्टेंबर, रविवार

पाळकसाहेबांचा उपदेश नम्रतेवर. चांगला होता, जरा लांबला. अर्धी मंडळी माना वळवून गोगलगायीकडे बघत होती! उपासना संपल्यावर दोघीतिघी तिला म्हणाल्या, नम्रता तुमच्याकडून शिकावी. ती लाजली आणि खुर्च्या उचलायला पळाली. खुर्च्या उचलायला माणसं आहेत. पण मग लोकांनी बघायचं काय?

मलाही नम्रता आहे. मी तिचं प्रदर्शन मांडत नाही, एवढंच.

१० सप्टेंबर, बुधवार

शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांची रांग. एक बाई खिडकीशी येऊन नुसत्या पुटपुटत राहिल्या. मोठ्याने बोला म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. तर नवी क्लार्क मला म्हणते, "मॅडम, त्या ओरडतच होत्या." आगाऊ कुठली.

११ सप्टेंबर, गुरुवार

तालमीत आम्ही सगळ्या मिळून गातो ते दुसरं कडवं चर्चच्या वर्धापनदिनाला एकटीने गायचं असतं. ते दरवर्षी माझं. त्यासाठी मी साडी बाजूला काढून ठेवते, घसा जपते, आठवडाभर थंड पाणी पीत नाही. यंदा मास्तर नाव सांगायलाच तयार नाहीत. "बघू," म्हणाले. बघू!

मी ओळखलं सगळं. हात वर करकरून हिने मास्तरांच्या मनात घर केलंय. पुढे जायची ही नवीच तऱ्हा — मागे मागे सरकत जायचं.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिचा सूर तर मला कधी चुकलेला ऐकू आला नाही." मग हात कशाला वर करते, असं विचारलं तर पेपरात तोंड खुपसून बसले. नेहमीचंच.

पण म्हणजे बघा! न चुकताच हात वर करते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

१३ सप्टेंबर, शनिवार

गोगलगायीच्या दवाखान्यात जाऊन आले. सरळ तोंडावर बोलले.

बाहेर पेशंट ताटकळत होते तरी तिने मला लगेच आत घेतलं. बसायला पेशंटची ती लांबलचक खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. तिथेही! मी पाय लोंबकळत ठेवून बसले आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. तुमच्या ढोंगाने तालमीचा विचका होतो, म्हटलं. प्रभूची सेवाच करायची असेल तर वर्धापनदिन होईपर्यंत खाली बाकावर बसून करा.

मला वाटलं भांडेल, निदान रडेल. ती म्हणाली, "बरं, ताई." तिने हातमोजे काढले. मग विचारलं, "पण मग तुमच्या शेजारी कोण उभं राहील?"

"कुणी नसलं तरी माझं अडत नाही," मी म्हणाले.

किती सहज माघार! स्वाभिमान असलेलं माणूस दोन शब्द तरी उलटून बोलतं. हिला कणाच नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

शेवटच्या बाकावर बसली होती. दुपारी मला छान झोप लागली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तालीम. गोगलगाय नाही, हात नाही. तरी दुसऱ्या कडव्यात कुणाचा तरी सूर पडत होता म्हणे. मास्तर थांबले. पुढे गेले, पुन्हा थांबले. आमच्या रांगेकडे बघून म्हणाले, "कुणाचा?" कुणी हात वर करेना. मी वळून एकेकीकडे पाहिलं. चूक कबूल करायची एकीची हिंमत नाही! सगळ्या उलट माझ्याच तोंडाकडे बघत उभ्या.

शेवटी मीच मास्तरांना म्हणाले, उद्या एकेकीला वेगळं गायला लावा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. ते नको नको म्हणत होते. मी हट्टच धरला. पहिली मी गाते, म्हटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सूर माझा पडतो. मास्तरांनी माझं गाणं फोनमध्ये रेकॉर्ड केलं आणि मोठ्या आवाजात माझ्या कानाला लावलं. मग खाली बघत म्हणाले, चारचौघांत मला थांबवावं लागू नये म्हणून डॉक्टरबाई माझ्या चुकीला स्वतःचा हात वर करायच्या. सगळ्यांना माहीत होतं. यांनासुद्धा.

घरी येऊन डॉक्टरबाईंना फोन केला. "मी बोलतेय," एवढंच म्हटलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "चूक माझी झाली, ताई. मी आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

आणि मी म्हणाले, "असू दे. केलं माफ."