बोटघरामागची पिसं

३ मे
बेटावर पोचलो एकदाचे! बोटीतून उतरताना इल्वाने बूट भिजवले आणि मलाच पाणमांजर दाखवलं. शहरात ही पोर कबुतराकडेही बघत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाग दिसते, पलीकडच्या खडकांवर सील आळसावून पडलेले असतात. बागेत आयडर बदकांसाठी दगडाफळ्यांची बुटकी घरं आहेत. शेजारच्या बेटावरच्या आइलर्टकाकाने आम्हाला सोडलं आणि घरांत वाळकं शेवाळ कसं अंथरायचं तेही शिकवलं. म्हणाला, काय गोंगाट करायचा तो आत्ताच करा, पक्षी आले की हंगामभर कुजबुजायचं आणि कपडेही तेच ते घालायचे. मी म्हटलं, आहेतच तेवढे.

१४ मे
बदकं आली. डुलत डुलत थेट बागेत, आपापल्या घरात. माद्या छातीची पिसं उपटून अंड्यांभोवती लावतात. ती पिसं गोळा करायलाच आम्ही आलोय, पण पिल्लं समुद्रावर गेल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, काकाने पुन्हा पुन्हा बजावलंय. मला मेलीला एका जागी बसवतच नाही, सारखी खिडकीशी जाते.

२७ मे
बोटघरामागे एक घर आहे, वासरू मावेल एवढं. आत करड्या पिसांचा ढीग, पण पक्षी एकदाही दिसला नाही. सोडून दिलेलं असणार. सगळी पिसं काढली आणि इल्वाच्या दुलईत भरली. घरटं अजून उबदार होतं. तिथे ऊन येत नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

३० मे
इल्वा उठायला कुरकुर करते. गाल तापलेले, पण ताप नाही. बदकं अंड्यांवरून हलत नाहीत आणि सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे. खडकांवर एकही सील नाही.

२ जून
पलंगावर पिसंच पिसं. मी एवढी भरली नव्हती. गादी एका बाजूने खोल दबलीय. इल्वाला हाका मारल्या, गदागदा हलवलं. श्वास चालू आहे, पण उठत नाही. मला भीती वाटते.

३ जून
काकाला बोलावलं. पिसं परत नेऊन ठेवू का, विचारलं. तो दारातच थांबला.
"आता काय उपयोग? जिची पिसं काढलीस, तिने पोरीला आपलं अंडं मानलंय. हिला उचलू नकोस, गार पडली तर हातची जाईल. डोळे उघडेल तेव्हा समोर तू असली पाहिजेस, बाई. पिल्लू पहिल्यांदा जिला बघतं, तिच्याच मागे जातं."
डॉक्टरला आणतो म्हणून गेला. मागोमाग धुकं उतरलं.

४ जून
काका नाही. खुर्ची पलंगाला लावून बसलेय. लिहीत राहिले तर झोप लागणार नाही — माझी पोर आहे ती, माझी —

ओसरीवर ओलं काहीतरी चालतंय. जड. डुलत —

दार लावलं होतं मी. नक्की लावलं होतं —

खारा वास. मानेवर ऊब. वळायचं नाही. नजर इल्वावर, फक्त इल्वावर —

पापण्या हलल्या. इल्वा, इकडे, मी इथे —

डोळे उघडले. हसली. माझ्या डोक्यावरून मागे, वर, पार छताकडे बघत म्हणाली, आई —