पाच मिनिटं आणि एकेचाळीस घड्याळं

तीर्थरूप ताईस,

दुकानातल्या एकेचाळीस घड्याळांसकट धाकट्याचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? लेक तुझ्याजवळ हसतेखेळते आहे, तिला एकदा डोळे भरून बघ आणि मगच पुढे वाच. शनिवारचं मी फोनवर निम्मंच सांगितलं होतं.

एका निवृत्त बाईंचं दुरुस्त घड्याळ त्यांच्या हाती देऊन मी पावती लिहिली, तेवढ्यात काउंटरमागे चित्र काढणाऱ्या तुझ्या लेकीचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. तिच्या फिटसाठी डॉक्टरांनी दिलेला कागद मला तोंडपाठ (आयुष्यात पाठ झालेला एकमेव कागद): कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर नाकात औषधाचा स्प्रे मारा आणि अँब्युलन्स बोलवा. कुशीवर वळवलं. शेजारचे शिंपीकाका दातखीळ उघडायला चमचा घेऊन धावले (शिंप्याकडे चमचा कुठून आला, देव जाणे). तुझ्या भावजयीने त्यांना नुसत्या नजरेने बाहेर काढलं.

राहिली वेळ. मान वर केली तर एकेचाळीस घड्याळं, एकेचाळीस वेगवेगळ्या वेळा! पाच मिनिटं मोजायला कुठलंही चालू घड्याळ पुरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण चुकीच्या घड्याळात बघणं माझ्या रक्तात नाही. मी स्टुलावर चढून लंबकवाल्याचे काटे बरोबर वेळेवर लावत बसलो. लागले, तेव्हा झटके कधी सुरू झाले हेच आठवेना. "अहो, किती वाजले ते कोण विचारतंय? खाली उतरा!" बाई ओरडल्या. दुरुस्त घड्याळातली वेळ पावतीवर लिहायची माझी खोड कामी आली. पावतीवरून बाईंनी हिशोब केला, भावजयीने स्प्रे मारून अँब्युलन्स बोलावली आणि थोड्या वेळात झटके थांबले. पोरीने डोळे उघडले तेव्हा मी अजून स्टुलावरच होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. फोनवर मी "पाचव्या मिनिटाला औषध दिलं" म्हणालो, ते खोटं. पावतीवर चार दहा होते, बाईंच्या मनगटावर चार सतरा. पाचाच्या वरची दोन मिनिटं माझी. डॉक्टर म्हणाले, पोरीला काही झालेलं नाही. मला झालंय. तेव्हापासून चिमट्यात स्क्रू धरवत नाही गं.

ता. क. दुसरा. नवा स्प्रे आणून ठेवलाय. वेळ भावजय बघणार, स्टूल शिंपीकाकांना देऊन टाकलं. पुढच्या शनिवारी पोरीला पाठवशील ना? नाही म्हणालीस तरी रागावणार नाही. (रडेन.)