गुरुवारची प्रार्थना आमच्या घरी

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं आणि आज लिहायला बसलेय. कारण सांगते. उद्या गुरुवार, घरप्रार्थनेची पाळी आमच्याकडे आहे, आणि तुमचे जावई म्हणतात, "फोन करून सांग, घरात आजारपण हाय, येऊ नका म्हणावं."

आजारपण कसलं? मच्छे गावातल्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून ते प्यायला लागलेत. मागच्या रविवारी पिऊनच चर्चला आले, पाळकसाहेबांना नाही नाही ते बोलले. तेव्हापासून आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत. आप्पा, मी फोन हातात घेतलाही होता.

मग तुम्ही आठवलात. नाताळच्या उपासनेत पिऊन पेटी वाजवता वाजवता तुमचा तोल गेला होता, सगळ्या निपाणीच्या मंडळीसमोर. मी शाळेत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटी तुमच्याकडून काढून घेतली. आणि पुढच्या रविवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून तयार! मी म्हटलं, "आज नका ना जाऊ." तुम्ही म्हणालात, "चुकलो मी गं, देव न्हाय चुकला. मग त्याच्याकडं जायाचं का सोडू?"

किती राग यायचा तुमचा. लोक बघून हसायचे, तरी तुम्ही आपले नव्या पेटीवाल्याच्या वरच्या पट्टीत गायचात. दारू काय लगेच सुटली नाही. परत घसरलात, परत गेलात. आईला एवढं रडवायला नको होतं, हे मात्र आजही म्हणेन.

पण आप्पा, पडलेला माणूस देवाकडे परत जातो, हे मी आपल्याच घरात बघितलं. त्याच्यावरच आज उभी आहे. लई उपकार आहेत तुमचे. जिवंतपणी कधी बोलले का मी हे?

फोन केला नाही. दूध जास्तीचं सांगितलंय, पोहे भिजवायचे आहेत. यांना तसं सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून पडले. "मी बाहेर येणार न्हाय," म्हणाले. मी म्हटलं, "बरं, नका येऊ."

तर तुम्हाला शब्द देते. उद्या आतल्या खोलीचं दार लावणार नाही. चटया उंबऱ्याच्या आत, पार त्यांच्या खाटेपर्यंत अंथरीन. ते बाहेर आले नाहीत, तर मंडळी आत जाऊन बसेल.

तुमची लेक,
मार्था