आठव्या मैलावर बंद पडणाऱ्या जीपची व्यवस्था

मी, उमाजी सुकलू दिघोरे, वय वर्षे ५४, धंदा मोटार मिस्त्री, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वहस्ते लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा धाक नाही, दबाव नाही. उलट शेवटचं कलम लिहू नये म्हणून मीच स्वतःला चार दिवस अडवत होतो.

कलम १. राहतं घर, परसातली विहीर आणि पोस्टातली बचत पत्नी गोकुळा हिची. त्यात कुणी तोंड घालू नये.

कलम २. वैनगंगेवरचा डोंगा व जाळी धाकटा भाऊ इस्तारी याला. आम्ही ढिवर. डोंग्याला भोक दिसलं की आधी बुजवायचं, मग जेवायचं, हे बापाने शिकवलं. ते मला कुठे नडलं ते पुढे येईल.

कलम ३. माझे पाने-पकडी मोटार स्टँडवरच्या मिस्त्र्यांनी वाटून घ्यावेत. माझा साडू लटारू यास काही देऊ नये. त्याचे स्वतःचे पाने चांगले आहेत, हे त्याने मला पुष्कळदा दाखवलं आहे.

कलम ४. जीप. लष्कराच्या लिलावातून घेतली आणि तिच्यात मोठ्या मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन मी बसवलं. जिल्ह्यात तिच्यासारखी पळणारी गाडी नव्हती. फक्त आठ मैल झाले की बंद पडे. मी काठी घालून टाकीतलं पेट्रोल बघे, मग वायरी उचके, आणि गाडी सुरू होई. म्हणून दोष वायरीचा, असं मी धरून चाललो. सगळ्या वायरी दोनदा बदलल्या, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला.

सन १९५३ च्या शंकरपटात बैलजोड्या पळाल्या त्याच दिवशी चिमूरच्या ठेकेदाराच्या मोटारीशी नागभीडपर्यंत शर्यत लागली. टाकी नुकतीच भरली होती, म्हणून बंद पडल्यावर मी काठी घातलीच नाही, सरळ वायरींना भिडलो. अर्धा तास गेला. ठेकेदार कधीच पुढे निघून गेला. मागून बस आली. तीत गोकुळा होती आणि लटारूही.

लटारूने सीटखालच्या टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स झालं. त्याने टोपण उलटं करून पाहिलं आणि खिशातल्या दाभणाने त्याला टोचलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं. जंगलच्या रस्त्यावर त्यातून पेट्रोल उसळून माझ्या मांडीवर येई, म्हणून मीच ते पळसाच्या लाखेने बुजवलं होतं. हवा आत जाईना, पेट्रोल बाहेर येईना. काठी घालायला टोपण उघडलं की हवा जाई, आणि नाव वायरीचं होई.

लोकांनी विचारलं तेव्हा लटारू म्हणाला, "काई नाई जी, वायर ढिली होती."

माझी अब्रू त्याने झाकली, हेच मला पाच वर्षं खुपतं आहे. वर गोकुळा सगळ्यांदेखत म्हणाली, "लटारूभाऊच्या हाताले समजते काऊन बंद पडली ते. तुमी नुस्ते वायरी उचकून राह्यले." तेव्हापासून त्याच्या घरचं पाणीही मला गोड लागलं नाही.

तरी जीप लटारूला द्यावी. दुसऱ्याच्या हाती ती महिनाभर टिकणार नाही, आणि हे लिहावं लागतं याचाच जळफळाट होतो.

आणखी एक. सोमवारी गोकुळा बाजारात गेली असता मी भिंत धरत अंगणात गेलो आणि त्या भोकात पुन्हा लाख भरली. लटारूही एकदा आठव्या मैलावर चारचौघांत उभा राहावा, एवढंच मनात होतं. लाख थंड होईपर्यंत तिथेच बसलो आणि माझी मलाच लाज वाटली. पण खरडून काढायला हातात जोर उरला नव्हता.

तरी गोकुळाने हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, म्हणजे वायर ढिली नव्हती हे गावाला कळेल. मग कोनाड्यातलं दाभण लटारूच्या हाती द्यावं. ते त्याचंच आहे. त्या दिवशी तो सीटवर विसरला, मी परत केलं नाही.

मात्र तो भोक पाडत असताना गोकुळाने त्याच्या हाताची तारीफ करू नये. निदान मी ऐकायला नाही म्हणून तरी करू नये.

सही: उमाजी सुकलू दिघोरे
साक्षीदार: १) मनसाराम लच्छू नान्हे २) नानाजी दोनाडकर. दोघांसमक्ष सही केली.
मुक्काम ब्रह्मपुरी, तारीख ९ मार्च १९५८